आसरा बुडल्या का?

लोणावळ्यात माझ्या शिलाई मशीनसमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर डोंगर. ब्लाउजला हुक लावता लावता माझी एक नजर डोंगरावर असते. डोंगर दिसेनासा झाला की थोड्या वेळानं माहेरून फोन येणार, हे ठरलेलं. “आक्का, वर काय हाय?” वर म्हणजे आम्ही. आमच्याकडं पडलेलं पाणी इंद्रायणीतून खाली कामशेतच्या अंगाला उतरतं, आणि माझं माहेर तिथंच, अगदी नदीच्या काठावर. मी सांगायचं, मग त्यांनी गुरं कुठं बांधायची, मोटर कधी उचलायची ते ठरवायचं. लग्न होऊन इकडं आले तेव्हापासून ही माझी बिनपगारी नोकरी आहे. जावई हवामान खात्यात असता तरी त्याला एवढा मान मिळाला नसता, असं माझे यजमान म्हणतात.

माहेरचं घर नदीच्या अलीकडं आणि मळा पलीकडं. वडील गेल्यावर भावानं मळ्यातून अंग काढलं, आईनं नाही काढलं. भाकरी बांधून, दोन म्हशी पुढं घालून ती सकाळी पलीकडं जाते आणि उन्हं कलली की परत येते. मध्ये फरशी आहे. फरशी म्हणजे सिमेंटचा ठेंगणा पूल, कठडे नसलेला. ऐन पावसाळ्यात तो दिसतच नाही, तेव्हा आई आणि म्हशी अलीकडंच असतात. भाद्रपदात पाणी उतरतं, तरी फरशीवरून घोटाभर वाहत असतंच. आता ते घोटाभर आहे का गुडघाभर, हे गढूळ पाण्यात पलीकडून कळत नाही. आणि गुडघ्याला लागलं की ते पाणी माणसाला उभं राहू देत नाही.

त्याच्यासाठी आसरा होत्या. आमच्या काठाला, फरशीच्या जरा वरच्या बाजूला, शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा म्हणतात त्यांना, पाण्यातल्या देवी. त्या कुणी बसवल्या ते कुणालाच ठाऊक नाही, पण बसवणाऱ्यानं जागा बघून बसवल्या होत्या. दगड कोरडे असले तर फरशी ओलांडायची. दगडांना पाणी लागलं तर आहे तिथंच थांबायचं, मग घरी कुणी का मरायला टेकलेलं असेना. म्हणून पलीकडं गेलेलं माणूस फरशीवर पाय टाकायच्या आधी ओरडून विचारायचं, “आसरा बुडल्याऽऽ का?” अलीकडं धुणं धुणारी, म्हैस धुणारा, जे कुणी असेल त्यानं दगडांकडं बघून उलट ओरडायचं, “कोरड्याऽऽ!” नाहीतर “बुडल्याऽऽ!”

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तर तिला ह्या हाकेशिवाय गतीच नव्हती. उन्हाळ्यात नदीत वीतभर पाणी असलं तरी ती विचारायची. मी हसायचे. “अगं आई, बेडूकसुद्धा बुडायचा नाही एवढ्यात.” ती तिकडून म्हणायची, “मग तसं सांग की. तोंडाला काय कुलूप घातलंय?”

पुढं भावानं घरामागं चार खोल्या काढल्या आणि पुण्याचे पाहुणे यायला लागले. चुलीवरची भाकरी, पिठलं, रात्री शेकोटी. दिवसभर ह्या लोकांचं करायचं काय, म्हणून त्यानं नदीकाठची फेरी सुरू केली. गावाच्या वरच्या टोकाचा जुना, मधोमध तुटलेला दगडी पूल, मग महादेवाचा घाट, मग माशांचा डोह, मग आसरा आणि शेवटी झाडाखालची शेड. पाहुणे त्याला रिव्हरफ्रंट म्हणायचे. ऐकून ऐकून भाऊही म्हणायला लागला. गावात म्हसरं धुवायची जागा, तिला रिव्हरफ्रंट! मी त्याला म्हटलं, “अरे, त्या शेडमध्ये बसवून पोहे खायला घालतोस, ती मसणवटीची शेड आहे हे सांगतोस का त्यांना?” तो म्हणाला, “आक्का, त्यांना गार वाटतं ना तितं? मग झालं.”

फेरीत सगळ्यांना सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर आईची हाक. संध्याकाळच्या फेरीची वेळ त्यानं बरोब्बर तशीच ठेवली होती. पलीकडून आई विचारायची आणि अलीकडून पाहुण्यांचा घोळका एका सुरात ओरडायचा, “कोरड्याऽऽ!” मग टाळ्या. आईलाही गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू. म्हशींच्या मागून येताना ती पदर सावरायची, फोटो काढतात म्हणून.

पण एका पाहुण्यानं ओली अर्धी चड्डी आसरांवर वाळत घातली. पुढच्या आठवड्यात कुणी बाटल्या ठेवल्या. आई दोन दिवस जेवली नाही. भावाला खरंच वाईट वाटलं आणि त्यानं होळीनंतर वर रस्त्याच्या कडेला चांगला ओटा बांधला, टाइल्स लावल्या, वर पत्रा, पुढं कठडा. गुरवानं पूजा केली. हिरव्या खणात गुंडाळून सातही दगड आईनं स्वतःच्या ओटीत घेऊन वर नेले. दहीभाताचा नैवेद्य झाला, सगळं गाव जेवलं. आई मला म्हणाली, “बायांना आता गारठा न्हाई का घाण न्हाई. माज्या जिवाला लय बरं वाटलं बघ.” खालची मोकळी झालेली जागा जेसीबीनं सपाट करून भावानं पाहुण्यांना बसायला खुर्च्या टाकल्या.

सगळं गाव तिथं होतं. मीही होते, दोनदा दहीभात घेतला. देवी वर गेल्या आणि त्यांच्याबरोबर पाण्याची खूणही वर गेली, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी गौरी गेल्यानंतर मी माहेरी निघाले. पहाटेपासून लोणावळ्याला असा कोसळत होता की मशीनचा आवाज मला ऐकू येईना. डोंगर नव्हताच. स्टेशनवर जाईपर्यंत छत्रीच्या काड्या उलट्या झाल्या. पण पुण्याची लोकल मळवलीच्या पुढं गेली तसा पाऊस विरळ झाला आणि कामशेतला उतरले तर लख्ख ऊन! रस्ता वाळलेला, शाळेची पोरं मैदानात खेळतायत. ते ऊन बघून मी पाय उचलला. पाऊस असता तर माणसं सावध तरी राहिली असती.

घरी गेले तर आई पलीकडं गेलेली. भाऊ अंगणात पाहुण्यांना फेरीची माहिती देत होता. पुण्याची दोन कुटुंबं होती. त्यातल्या एका गृहस्थानं शिकाऱ्यासारखी टोपी घातली होती आणि हातातला फोन काठीला लावून तो सारखा स्वतःशीच बोलत होता. मी भावाला बाजूला घेतलं.

“वर लय पाऊस आहे. पहाटेपासून उघडीप नाही.”

“किती हाय?”

“डोंगर दिसत नाही, एवढा आहे. आईला फोन लाव.”

“फोन हितं चार्जिंगला लावून गेलीय ती.”

“मग मी जाते पलीकडं.”

“जाशील आन् म्हशी पळवून लावशील, तुला बघून बुजत्यात त्या. आक्का, कशाला जिवाला घोर लावून घेतीस? आसरा हायेत की. विचारल्याबिगर पाय टाकती का ती?”

हे मला पटलं. आजही मला त्याचाच धसका बसतो, की ते मला लगेच पटलं. आसरा आहेत की. मी चहा घेतला, वहिनीच्या ब्लाउजचं माप घेतलं आणि उन्हं कलल्यावर पाहुण्यांबरोबर फेरीला गेले.

दगडी पुलाशी आलो तेव्हा पाणी शांत होतं. नको इतकं शांत. त्याचा रंग मात्र सकाळचा चहा संध्याकाळी दिसतो तसा झाला होता, आणि वरून ओल्या मातीचा, सडक्या पानांचा वास येत होता. पुलाखालून एक प्लास्टिकचं टमरेल गेलं, मग केळीचं अख्खं झाड मुळासकट गेलं. टोपीवाले गृहस्थ म्हणाले, “वा! काय रॉ आहे हे सगळं.” मी भावाकडं बघितलं. तो त्यांना पुलाच्या कमानी मोजून दाखवत होता.

घाटावर महादेवाच्या देवळात जायला मी चपला पायरीवर काढल्या. कोरड्या पायरीवर काढल्या, हे मी शपथेवर सांगेन. आत बेल वाहिला, घंटा वाजवली, बाहेर आले तर चपला भिजलेल्या आणि एक जागेवरून हललेली. मी भावाला दाखवली.

“लाट आली आसंल.”

“नदीला कसली रे लाट येते? समुद्र आहे का हा?”

“आक्का, पाहुण्यांपुढं नको,” तो हळूच म्हणाला.

डोहाशी आल्यावर मात्र त्याचं तोंड उतरलं. ह्या डोहातले मासे कुणी मारत नाही, देवाचे आहेत. मुरमुरे टाकले की ते काठापर्यंत झुंडीनं येतात, पोरं हात लावतात त्यांना. भावानं मूठभर मुरमुरे टाकले. एकही मासा वर आला नाही. परत टाकले. मुरमुरे नुसतेच जागच्या जागी फिरले आणि निघून गेले. टोपीवाल्यांची बायको म्हणाली, “पोट भरलेलं असेल त्यांचं.” सगळे हसले. भाऊ हसला नाही. तो म्हणाला, “चला, जरा बिगीबिगी चला. आईची वेळ झाली.”

आम्ही आसरांच्या ओट्यावर आलो तेव्हा आई पलीकडं फरशीच्या तोंडाशी उभीच होती. पुढं थोरली म्हैस, मागं धाकटी. थोरली पाय टाकीना. मान खाली घालून पाणी हुंगत होती. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंडाशी हाताचा कर्णा करून हाक दिली.

“आसरा बुडल्याऽऽ का?”

पाहुणे कठड्याला भिडले. भाऊ सवयीनं मागं वळला आणि त्यानं आसरांकडं बघितलं. मीही बघितलं. सात दगड, ताजा शेंदूर, सकाळचं हळदीकुंकू, झेंडूचं एक फूल. टिपूस पाणी नाही. माझा जीव भांड्यात पडला. भाऊ ओरडला, “कोरड्या हायेत! ये!” आणि त्याच्या पाठोपाठ सगळा घोळका ओरडला, “कोरड्याऽऽ!” टाळ्या झाल्या.

आईनं म्हशीला चुचकारलं आणि पाय टाकला.

मग माझी नजर कठड्याखाली गेली. खाली पाहुण्यांसाठी टाकलेल्या खुर्च्यांतली एक खुर्ची सावकाश गोल फिरत होती. बसलेल्या जागी कुणी फिरवावी तशी. मग ती निघाली आणि तिच्यामागं दुसरी निघाली. माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. दगड पूर्वी त्या खुर्च्यांच्याही खालच्या अंगाला होते. इतकी वर्षं जिथं दगड होते, ती जागा पाण्याखाली जाऊन किती वेळ झाला होता देव जाणे!

“आई, थांब! बुडल्याऽऽ! माघारी फिर!” मी जीव खाऊन ओरडले.

पाहुण्यांना वाटलं, हीसुद्धा गंमतच. त्यांनी आणखी जोरानं म्हटलं, “कोरड्याऽऽ!” मी त्यांच्यावर खेकसले, “गप बसा! मेल्यांनो, गप बसा!” पण आई तोवर फरशीच्या मध्यावर आली होती आणि तिला दोन्ही ऐकू आलं. कोरड्या आणि बुडल्या. ती थांबली. वाहत्या पाण्यात जे कधी करायचं नाही ते तिनं केलं, वरच्या अंगाला, ओट्याकडं वळून उभी राहिली आणि विचारलं, “काय म्हंता?”

तेवढ्यात वरून पाणी आलं. आवाज फार झाला नाही. तिच्या गुडघ्याशी होतं ते कमरेशी आलं, एवढंच. धाकटी म्हैस आडवी झाली आणि आमच्या डोळ्यांदेखत फरशीवरून उतरली. आईनं थोरलीचं शेपूट धरलं ते मी बघितलं. मग दोघीही फरशीवर नव्हत्या.

भाऊ कठड्यावरून उडी टाकून काठाकाठानं पळाला. मी मागं पळाले, साडी काटेरी झुडपांत फाटली, एक चप्पल राहिली. पाण्यात थोरलीचं डोकं दिसत होतं, काळं, वर धरलेलं. आईचा हिरवा पदर एकदा दिसला, मग नाही दिसला, मग परत दिसला. मी कुणाचं नाव घेत पळत होते ते मला आठवत नाही. मागून टोपीवाल्यांचा आवाज येत होता. ते अजून फोनशी बोलत होते.

थोरलीनं आईला खाली मसणवटीशी काठाला लावलं. फेरीतलं शेवटचं ठिकाण. भावानं तिला चिखलातून ओढून काढलं आणि शेडमध्ये आणलं. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, हाताची कातडी दोरानं सोलावी तशी निघाली होती. ती तिथल्या कट्ट्यावर टेकायला लागली. तिरडी ठेवतात तोच कट्टा, आमच्या वडिलांनाही त्यावरच ठेवलं होतं. भाऊ एकदम लहान पोरासारखा रडायला लागला. “हितं नगं आई. हितं नगं बसू. माज्या पाठीवर बस, पन हितं नगं.” त्यानं तिला खरंच पाठीवर घेतलं.

वाटेत ती त्याच्या कानाशी म्हणाली, “आसरा बुडल्या का?”

त्यानं तिला पाठीवर जरा वर सरकवलं आणि तो चालत राहिला.

ओट्याशी आल्यावर तिनं त्याला थांबायला लावलं. खाली उतरली, भिंत धरत धरत पायऱ्या चढली. पाहुणे बाजूला झाले. तिनं सातही दगडांवरून हात फिरवला, एकेक करून. डोळ्यांपेक्षा तिचा हातांवर भरवसा. हाताला हळदीकुंकू लागलं, तेही कोरडंच.

“कोरड्याच हायेत की,” ती म्हणाली. मग नदीकडं तोंड करून म्हणाली, “ह्यास्नी हितनं काय कळनार.”

धाकटी सापडली नाही. पाणी उतरल्यावर भावानं ओटा फोडला आणि दगड परत खाली न्यायला घेतले. पण नेमके कुठं? जेसीबीनं सगळं सपाट केलेलं, वर पुराचा गाळ. कुणी म्हणे उंबराच्या मुळीशी, तो उंबर तर तोडलेला. कुणी म्हणे आणखी चार हात खाली. जुने फोटो काढून बघितले तर सगळ्यांत माणसंच, मागं दगड अर्धे कापलेले. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मी न्हाई सांगायची. चुकून सांगितलं तर?” शेवटी अंदाजानं बसवले. तिथं ते आहेत आता.

भावानं फेरी बंद केली. पण त्या टोपीवाल्यांनी काढलेला व्हिडिओ गावोगाव फिरला. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या बायकांनी मलाच तो दाखवला, “बघा हो, काय भयंकर!” म्हणून. आता सुट्टीच्या दिवशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, फोडलेल्या ओट्यावर उभे राहतात आणि नदीकडं तोंड करून ओरडतात, “कोरड्याऽऽ!” पलीकडं कुणी असो वा नसो. पाणी कितीही असो. त्यांना हाकलावं तर नदी काही आमच्या मालकीची नाही.

यंदा भाद्रपदात मी माहेरी गेले होते. वर पाऊस नव्हता, डोंगर स्वच्छ दिसत होता, मी मुद्दाम बघून निघाले होते. संध्याकाळी एकटीच फरशीवर गेले, मध्यापर्यंत जाऊन पायानं पाणी बघून आले. घोटासुद्धा बुडत नव्हता. आसरा कोरड्या होत्या. पलीकडं आई आली, पुढं थोरली. माझ्या मागं ओट्यावर दोन पोरं आणि एक पोरगी उभी होती, त्यांनी हसत हसत हाक टाकली, “कोरड्याऽऽ!” आईनं काही विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, “आई, मी हाय! खरंच कोरड्या हायेत. मी आत्ता पाण्यात जाऊन बघितलंय. ये!”

ती फरशीच्या तोंडाशी उभी राहिली. लांबून तिचं तोंड मला नीट दिसत नव्हतं.

“कोण मी?”

“मी! तुझी लेक!”

मग तिनं थोरलीची मान वळवली आणि ती हमरस्त्याच्या पुलाकडं चालायला लागली. तो पुष्कळ लांब आहे, तिच्या पायांना तर फारच लांब. मी अलीकडच्या काठानं तिच्याबरोबर थोडी चालले, मग मध्ये कुंपणं लागली आणि ती दिसेनाशी झाली.

घरी यायला तिला अंधार पडला. मी तिच्या पायांवर गरम पाणी घातलं, टाचा चोळल्या. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच. “आई, माझा आवाज ओळखला नाहीस का?”

“वळकला की,” ती म्हणाली. “पयल्याच हाकेला वळकला.” आणि थोरलीला वैरण टाकायला उठली.